हायडेलबर्ग दोन मुक्कामांत: किल्ला, पूल आणि नेकारचं खोरं पायांना झेपेल असं कसं पाहावं

सकाळी साडेदहाच्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कॉर्नमार्क्ट चौकात गाइड लोकांच्या उंच धरलेल्या छत्र्या दिसायला लागतात. प्रत्येक छत्रीमागे तीस-चाळीस माणसं. वर किल्ला, खाली जुना पूल, मधे कुठेतरी एक कॉफी, आणि दुपारी बस पुढच्या गावाला. युरोपच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीत या गावाच्या वाट्याला एवढंच येतं. त्या मंडळींना गाव आवडतंच. पण सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर, म्हणजे हे गाव सर्वांत सुंदर दिसतं त्या दोन्ही वेळा, ती इथे नसतात.

मी गेली चार वर्षं इथून ट्रेनने वीस मिनिटांवर राहते. आसपास मराठी घरं बरीच आहेत. वाल्डॉर्फला सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय, लुडविग्सहाफेनला बीएएसएफ ही रसायनांची कंपनी, शिवाय विद्यापीठात शिकणारी मुलं. उन्हाळा आला की कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येतात आणि त्यांना हायडेलबर्ग कसं दाखवायचं याची विचारणा सुरू होते. गेल्या मे महिन्यात माझे आई-बाबा आले होते. बाबांनी उभ्या आयुष्यात सह्याद्रीतले गड पाहिले, आता गुडघे दुखतात. आई शुद्ध शाकाहारी. पुढचा बेत त्या दोघांबरोबर चालूनच पक्का झाला आहे.

निघण्याआधी

जर्मनीला येण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो, पण त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. प्रवासी विम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. खर्च इथला मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर त्यांनी आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयातून 'फेरफ्लिष्टुंग्स-एर्क्लेरुंग' नावाचं हमीपत्र काढायचं आणि त्याची मूळ प्रत भारतात पाठवायची. त्यासाठीही वेळ घ्यावी लागते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. विमानाचं तिकीट नंतर.

कधी यावं? एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. मे-जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे दुपारी दोन तास खोलीवर आडवं होऊन संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता येतं. वयस्कर माणसांसाठी हा फार मोठा फायदा. उन्हाळ्यात तीन शनिवारी रात्री किल्ला लाल प्रकाशात उजळवतात आणि पुलाजवळ आतषबाजी होते. साधारणपणे जून, जुलै आणि सप्टेंबरमध्ये एकेकदा. किल्ला तीनदा पेटला, १६८९, १६९३ आणि १७६४ साली, त्याची ती आठवण. ती आतषबाजी पाहायची असेल तर त्या वर्षीच्या तारखा काढून खोली फार आधी धरा. डिसेंबरमध्ये नाताळचा बाजार देखणा असतो, पण साडेचारलाच अंधार पडतो. तेव्हा हा बेत निम्म्यावर येईल.

मुक्काम कुठे करावा, यावर माझं मत ठाम आहे. आल्टश्टाट म्हणजे जुन्या गावात राहायचा मोह होतो, पण तिथल्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत. त्यावरून चाकांची बॅग ओढणं त्रासाचं होतं, आणि उंटेरे श्ट्रासेच्या आसपास रात्री उशिरापर्यंत विद्यार्थ्यांचा गलका असतो. बिस्मार्कप्लाट्झजवळ, बेर्गहाइममध्ये, किंवा नदीपलीकडे नॉयनहाइममध्ये खोली घ्या. ट्राम-बस दारात येते. 'फेरीनवोनुंग' म्हणजे स्वयंपाकघर असलेली सुट्टीची सदनिका मिळाली तर उत्तमच. सकाळी आपला चहा आणि रात्री आपला वरणभात मिळाला की आई-बाबांचा दिवसभराचा उत्साह टिकतो, हे मी पाहिलेलं आहे.

फ्रँकफर्टहून गावात

विमान बहुधा फ्रँकफर्टला उतरतं. तिथून हायडेलबर्ग सुमारे ८० किलोमीटर. विमानतळावर दोन रेल्वे स्थानकं आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी 'फेर्नबानहोफ' ही पाटी शोधा. तिथून अर्ध्या तासात मानहाइम, आणि मानहाइमला गाडी बदलून एस-बान या लोकलने वीस मिनिटांच्या आत हायडेलबर्ग. काही गाड्या थेटही असतात. आधी काढलेलं स्वस्त 'श्पारप्राइस' तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. विमान, पासपोर्टची रांग, सामान, यात किती वेळ जाईल याचा नेम नाही. म्हणून येतानाच्या प्रवासाला ते काढू नका. परतीला काढा.

एक गोष्ट अनेकांची फसगत करते. हायडेलबर्गचं मुख्य स्थानक जुन्या गावापासून जवळजवळ तीन किलोमीटर दूर आहे. बाहेर पडल्यावर किल्ला दिसत नाही, चौक दिसत नाही, काचेच्या नव्या इमारती दिसतात. घाबरू नका. ट्रामने बिस्मार्कप्लाट्झला या, किंवा ३३ क्रमांकाच्या बसने थेट 'राटहाउस-बेर्गबान' थांब्यावर. तोच किल्ल्याच्या रेल्वेचा थांबा. स्थानिक वाहतुकीचं दिवसभराचं तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं आणि ते सुट्या तिकिटांपेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

पहिली संध्याकाळ: किल्ला आधी समोरून पाहा

किल्ल्यावर आधी जाऊ नका. नदी ओलांडा आणि पलीकडच्या उतारावरून तो पाहा. तिथे उभं राहिलं की गावाची सगळी मांडणी एका नजरेत येते. पूर्वेकडून दोन डोंगरांमधून येणारी नेकार नदी, तिच्या डाव्या काठावर चिंचोळ्या पट्टीत वसलेलं जुनं गाव, त्यावर अर्ध्या उंचीला किल्ला, मागे क्योनिगश्टूलचा डोंगर, आणि पश्चिमेला डोंगर एकदम संपून पसरलेलं ऱ्हाइनचं सपाट मैदान. हे डोक्यात बसलं की दुसऱ्या दिवशी नकाशा लागत नाही.

ही वाट म्हणजे 'फिलोसोफेनवेग', तत्त्वज्ञांची वाट. वर जायला दोन मार्ग आहेत. जुन्या पुलाच्या टोकापासून 'श्लांगेनवेग' म्हणजे सापाची वाट निघते. दोन्हीकडे दगडी भिंती, वळणं, पायऱ्या, आणि चांगलाच चढ. गुडघे ठणठणीत असतील तरच. दुसरा मार्ग नॉयनहाइममधून. ब्र्यूकेनश्ट्रासे थांब्यावर उतरा आणि डांबरी रस्त्याने चढा. पहिली दहा-पंधरा मिनिटं हाही चढ दमवतो, पण पायऱ्या नाहीत आणि घरांच्या बागा बघत सावकाश जाता येतं. त्यानंतर वाट सपाट होते. डोंगराची ही बाजू दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे इथे ऊब टिकते. बदाम, अंजीर आणि लिंबाची झाडं पाहून आईला नवल वाटलं होतं.

बाकावर बसा आणि ऊन उतरेपर्यंत उठू नका. किल्ला इथल्या तांबड्या वालुकाश्माचा आहे. दुपारी तो विटकरी, जरा मळकाच दिसतो. उन्हाळ्यात सूर्य मैदानाकडे कलला की तिरपं ऊन त्याच्या भिंतींवर येतं आणि पंधरा-वीस मिनिटं तो दगड आतून तापल्यासारखा दिसतो. खिडक्यांच्या चौकटीतून पलीकडचं आकाश दिसतं तेव्हा कळतं, की समोरच्या त्या भव्य भिंतीमागे महाल उरलेलाच नाही.

बाबा उत्साहाने श्लांगेनवेगनेच उतरले. आदल्या रात्री पाऊस झाला होता, दगड निसरडे होते, आणि पुढचा अख्खा दिवस गुडघा सुजला. आल्या वाटेनेच परत उतरा. मग नदीकाठाने चालत जुन्या पुलावर या.

हा पूल १७८८ चा. या जागेवरचा हा नववा. आधीचा १७८४ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या लाद्यांसह आलेल्या पुरात गेला. पुलापाशी दगडावर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्यातली १७८४ ची किती वर आहे ते मान वर करून पाहा. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला त्या रेषेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मार्च १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने या पुलाच्या कमानी उडवल्या आणि १९४७ पर्यंत गावाने त्या पुन्हा उभ्या केल्या. बाकी गाव बॉम्बहल्ल्यांतून बरंचसं वाचलं, म्हणून आज ते असं सलग दिसतं.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला हातात आरसा धरलेलं काशाचं माकड बसलंय, १९७९ सालचं. आरशाला हात लावला तर पैसा, पसरलेल्या बोटांना लावला तर पुन्हा हायडेलबर्गला येणं, आणि शेजारच्या उंदरांना लावला तर मुलंबाळं, अशी समजूत. आईने बोटांना हात लावला.

दुसरा दिवस: किल्ला सकाळी नऊला

कॉर्नमार्क्टहून बेर्गबान ही डोंगरी रेल्वे सुटते. किल्ल्याच्या तिकिटात या रेल्वेने किल्ल्यापर्यंत जाणं-येणं, आतलं अंगण, वाइनचं मोठं पिंप आणि औषधालयाचं संग्रहालय हे सगळं येतं. महालांच्या आतल्या खोल्या फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात आणि त्याचे पैसे वेगळे. किल्ल्याची बाग मात्र विनातिकीट आहे. तीनशेवर पायऱ्या चढूनही वर जाता येतं, पण आज बरंच चालायचंय, रेल्वेच घ्या. नऊला दार उघडताना पोचलात तर साडेदहापर्यंत अंगण जवळजवळ तुमचंच असतं.

आत शिरण्यापूर्वी बागेकडून खंदकाच्या कडेला जा. तिथे एक प्रचंड गोल बुरूज उभा चिरलेला आहे. त्याच्या भिंती साडेसहा मीटर जाड. १६९३ साली फ्रेंच सैन्याने सुरुंग लावला, तेव्हा बुरुजाचा निम्मा भाग चुरा न होता अख्खाच्या अख्खा सरकून खंदकात गेला. तो तीनशे वर्षांहून अधिक काळ तिथेच पडून आहे. उघड्या पडलेल्या अर्ध्या भागात आतले मजले कापलेल्या फळासारखे दिसतात. बाबा इथे अर्धा तास उभे होते. भिंतीच्या जाडीत चुना किती, भर किती, कमान कुठून सुटली, हे ते मला दाखवत राहिले.

आता किल्ल्याची गोष्ट. ही माहीत असल्याशिवाय वर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. हायडेलबर्ग ही फाल्झ प्रांताच्या राजकुलाची राजधानी. १६५२ साली याच किल्ल्यात एक मुलगी जन्मली, एलिझाबेथ शार्लोट. घरचे तिला लिझेलोटे म्हणत. १६७१ मध्ये राजकारणापायी तिचं लग्न फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाशी लावून दिलं. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि लुईने लगेच वहिनीच्या नावाने तिच्या माहेरच्या मुलखावर हक्क सांगितला. तिने असं काही मागितलेलं नव्हतं. १६८८ मध्ये फ्रेंच फौजा आल्या आणि पुढच्या मार्चमध्ये परत निघताना त्यांनी किल्ला आणि गाव पेटवलं. १६९३ मध्ये पुन्हा येऊन उरलेलंही उडवलं. आपल्या नावाने आपलं गाव जळतंय याचं दुःख लिझेलोटेने व्हर्सायहून पत्रांत लिहून ठेवलं आहे. बागेतल्या बाकावर हे ऐकल्यावर आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माहेर जाळलं, आणि तेही तिच्याच नावानं."

बाबांच्या मनात दुसरंच चाललं होतं. "१६८९ चा मार्च म्हणालीस ना?" त्यांनी विचारलं. संभाजी महाराजांचा अंत झाला तोच महिना. त्याच वर्षी रायगडही पडला. दोन मुलखांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण त्या तारखेनंतर आम्ही तिघंही त्या भिंतींकडे निराळ्या नजरेने पाहत होतो.

अंगणात गेलात की समोर दोन महाल दिसतील आणि या जागेतलं सगळ्यात विचार करायला लावणारं दृश्य हेच आहे. एक फ्रीड्रिशबाउ, छप्पर, खिडक्या, राजांचे पुतळे, सगळं धडधाकट. दुसरा ओटहाइनरिशबाउ, सोळाव्या शतकातली अप्रतिम कोरीव दर्शनी भिंत आणि तिच्या वर उघडं आकाश. पहिला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा बांधून पुरा केला. तेव्हा बाकीचा किल्लाही असाच नवा करावा असा आग्रह धरला गेला आणि त्यावर जर्मनीभर वाद पेटला. कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, आहे ते जपा, नव्याने रचू नका. त्यांचं म्हणणं टिकलं, म्हणून ओटहाइनरिशबाउ आज आहे तसा आहे. त्याआधी, १८१० पासून, शार्ल द ग्रेंबेर नावाचा एक फ्रेंच उमराव इथेच राहून या दगडांची राखण करत होता. गावातले लोक घरं बांधायला किल्ल्याचे दगड नेत, ते त्याने थांबवायला लावलं, आणि किल्ल्याची चित्रं छापून जगभर त्याची ओळख करून दिली. ज्यांनी किल्ला पाडला त्यांच्याच देशातला माणूस.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यानंतर आपल्याकडे गडांवर काय बांधावं आणि काय बांधू नये याची चर्चा वाढली आहे. त्यात रस असलेल्या प्रत्येकाने या अंगणात उभं राहून दोन्ही महाल एकाच वेळी पाहावेत. माझं मन ओटहाइनरिशबाउकडे झुकतं. बाबांचंही. आईला मात्र छप्पर असलेला महाल आवडला, आणि त्यामागचं तिचं म्हणणंही खोटं नाही, की पावसात भिजणारी भिंत किती दिवस जपणार?

मोठं पिंप १७५१ चं, सुमारे २ लाख २० हजार लिटरचं. त्याच्या माथ्यावर चढता येतं. ते पाहायला दहा मिनिटं पुरतात. औषधालयाच्या संग्रहालयाला मात्र पाऊण तास द्या. लाकडी कपाटं, पितळी खल, चिनीमातीच्या बरण्या, सुकलेली मुळं आणि बिया. आपल्या वैद्यांच्या कपाटाची आठवण येतेच. बाहेरच्या गच्चीवर, आल्टानवर, दगडात एक पाऊल उमटलेलं दाखवतात आणि त्यात बूट घालून लोक फोटो काढतात. शेवटी बागेच्या टोकाच्या शेफेल गच्चीवर जा. गाव, पूल आणि काल बसलात तो उतार, सगळं इथून उलट्या बाजूने दिसतं.

मुलं बरोबर असतील तर वर ५६८ मीटर उंचीच्या क्योनिगश्टूलपर्यंत जा. मोल्केनकुरला गाडी बदलायची. त्यापुढचे लाकडी डबे १९०७ पासूनचे आहेत. किल्ल्याचं तिकीट या टप्प्याला चालत नाही, वेगळं काढावं लागतं. आकाश ढगाळ असेल तर वर काहीच दिसत नाही, मग तो वेळ गावात घालवा.

जेवण, आणि शाकाहारी माणसाने काय विचारावं

दुपारी खाली उतरून नदीजवळच्या मार्शटालमधल्या त्सॉयगहाउस मेन्सात जा. पूर्वीचं शस्त्रागार, आता विद्यार्थ्यांची खाणावळ. पाहुण्यांनाही चालते. हवं ते ताटात वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. भाज्या, बटाटे, कोशिंबिरी डोळ्यांसमोर असतात, विचारावं लागत नाही.

इतरत्र एवढं लक्षात ठेवा. केझेश्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया, वर तळलेला कांदा. हे बहुधा चालतं. फ्लामकूखेन ही पातळ भाकरीसारखी गोष्ट नुसती मागवली तर तिच्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. माउलटाशेनच्या सारणात मांस असतं, भाजीचं वेगळं मागा. बटाट्याची कोशिंबीर निरुपद्रवी दिसते, पण या भागात तिच्यात मांसाचं पाणी घालतात. वाक्य एकच पाठ करा: "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक, बिट्टे." मांस नको, मासा नको, डुकराची चरबी नको. 'शाकाहारी' एवढंच सांगून श्पेक सुटतोच असं नाही.

नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटली घरून भरून निघा. हॉटेलात पाणी मागितलं की बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. विकतच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट ठेव असते. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. आणि रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच दूध, ब्रेड, फळं आणि औषधं आणून ठेवा.

दुपारचं गाव

हाउप्टश्ट्रासे हा सुमारे १.६ किलोमीटरचा सरळ, वाहनमुक्त रस्ता. खरेदीची दुकानं सगळीकडे असतात तशीच आहेत, त्यात अडकू नका. वाटेत रोबेर्ट बुन्सेन यांचा पुतळा लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरचे तेच बुन्सेन. पुतळ्यासमोरच्या 'हाउस त्सुम रीझेन'मध्ये त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी १८५९-६० मध्ये ज्योतीचा प्रकाश वेगळा करून त्यातून मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत उभी केली.

पुढे बाजारचौकात हायलिगगाइस्टकिर्शे, म्हणजे पवित्र आत्म्याचं चर्च. बाहेरून भिंतीच्या कोनाड्यांत दुकानं आहेत, देवळाभोवती असतात तशी. आत दोन गोष्टी पाहा. वरचे सज्जे, जिथे एकेकाळी युरोपातला नामांकित ग्रंथसंग्रह होता. १६२२ मध्ये कॅथलिक सैन्याचा सेनापती टिली याने गाव जिंकलं आणि पुढच्या वर्षी सुमारे ३,५०० हस्तलिखितं खेचरांवर लादून आल्प्सपलीकडे रोमला नेली. १८१६ मध्ये त्यातली ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली. बाकीची बहुतेक अजून व्हॅटिकनमध्येच आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे एक लालभडक काचेची खिडकी, तिच्यावर आइनस्टाइनचं सूत्र आणि ६ ऑगस्ट १९४५ ही हिरोशिमाची तारीख. १७०६ पासून १९३६ पर्यंत या चर्चच्या मधोमध भिंत होती. एका बाजूला प्रोटेस्टंट, दुसऱ्या बाजूला कॅथलिक.

विद्यापीठ १३८६ चं, जर्मनीतलं सर्वांत जुनं. विद्यापीठ चौकात १५१८ मधल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या वादसभेची पाटी आहे, आणि १७ मे १९३३ रोजी नाझींनी इथे पुस्तकं जाळली त्याचीही. दोन्ही वाचा. मागच्या गल्लीत विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे, 'कार्ट्झर'. १९१४ पर्यंत दारू पिऊन दंगा करणाऱ्या, रात्री आरडाओरडा करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठच इथे डांबायचं. त्यांनी काजळीने आणि रंगांनी भिंतींचा इंचही मोकळा सोडलेला नाही. सुट्टीचे दिवस आणि वेळा बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. पाय चालत असतील तर फाफेनगासेतलं फ्रीड्रिश एबर्ट यांचं जन्मघर चुकवू नका. शिंप्याचा हा मुलगा पुढे जर्मन प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. प्रवेश विनामूल्य.

मराठी माणसासाठी या विद्यापीठाशी आणखी एक नातं आहे. इथल्या १९६२ साली स्थापन झालेल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवत. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा, धनगरांच्या ओव्या, हा त्यांच्या आयुष्यभराचा अभ्यास. पुण्यात राहून, वाड्या-वस्त्यांवर हिंडून त्यांनी तो केला. १९९२ मध्ये ते गेले. जेजुरीचा भंडारा ज्यांच्या घरात आहे त्यांनी नेकारच्या काठी त्यांची आठवण काढावी.

तिसरा दिवस: खोऱ्यात की मैदानात?

बरोबर कोण आहे यावर ठरवा. गडकोटांची ओढ असेल तर नेकारश्टायनाख. एस-बान एस-१ किंवा एस-२ ने, आल्टश्टाट स्थानकातून बसलात तर वीस मिनिटांच्या आत. छोटंसं गाव, आणि डोंगराच्या एकाच सोंडेवर ओळीने चार किल्ले. दोन खासगी आहेत, ते बाहेरूनच. उरलेले दोन भग्न आणि खुले. त्यातला शेवटचा शाडेक. कड्याला चिकटून असल्यामुळे लोक त्याला 'पाकोळीचं घरटं' म्हणतात. गर्द झाडीतून जाणारी वाट, अधूनमधून खाली दिसणारं नदीचं वळण. चढ बेताचा आहे. सुजलेल्या गुडघ्यानेही बाबांनी दोन किल्ले केले, तिसऱ्याखाली झाडाला टेकून बसले आणि मला वर पाठवून फोटो काढून आणायला सांगितलं. परत येताना बोट घ्या. एप्रिल ते ऑक्टोबर बोटी चालतात आणि दीड तास लागतो. वाटेत जलपाशात बोट थांबते, दारं मिटतात, पाणी उतरतं आणि तुमच्या डोळ्यांसमोर ओली भिंत वर वर चढत जाते. आई त्या वेळी कठड्याला धरून भिंतीवरचं शेवाळ बघत होती. शेवटच्या वळणावर जुना पूल आणि किल्ला समोरून येतात.

इतिहास आणि देवस्थानांची आवड असेल तर श्पायर, एस-बानने पाऊण तासाच्या आसपास. तिथलं कॅथीड्रल साधारण १०३० मध्ये सुरू होऊन १०६१ मध्ये पवित्र केलं गेलं. लांबी १३४ मीटर, आणि तळघरात आठ सम्राट आणि राजे पुरलेले. १६८९ मध्ये त्याच फ्रेंच फौजांनी हेही जाळलं. जवळच ज्यूंचं जुनं आवार आहे, २०२१ पासून जागतिक वारसा. तिथलं साधारण ११२० चं स्नानकुंड मिकवे पाहायलाच हवं. दगडी जिन्याने खाली खाली जायचं, हवा गार होत जाते, तळाशी झऱ्याचं स्वच्छ पाणी. आपल्याकडच्या बारवेत उतरल्यासारखंच. मुलांसाठी याच गावातलं तंत्रज्ञान संग्रहालय आहे. खांबांवर चढवलेल्या बोइंग ७४७ च्या आत जाता येतं.

वेळ अर्धाच दिवस असेल आणि चालवत नसेल तर दहा किलोमीटरवरचं श्वेट्झिंगन. बसने जा. राजाची उन्हाळी हवेली आणि तिची सपाट, प्रशस्त बाग. बागेत अठराव्या शतकात बांधलेली एक मशीद आहे, शोभेसाठी, नमाजासाठी नव्हे. एप्रिलमध्ये चेरी फुलते. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत या गावात पांढऱ्या श्पार्गेल म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगाम असतो. उकडून, लोण्याबरोबर, बटाट्यासोबत. 'ओने शिंकेन' म्हणजे हॅमशिवाय म्हणायला विसरू नका.

परत निघण्याआधी जुन्या पुलाजवळच्या हास्पेलगासेत 'श्टुडेंटेनकुस' मिळतं. क्न्योझेल यांच्या कॅफेने १८६३ मध्ये तयार केलेलं हे चॉकलेट. पालकांच्या नजरेखाली असलेल्या मुलींना विद्यार्थ्यांनी संदेश म्हणून द्यायचं, अशी त्याची कथा. मे-जूनमध्ये मुंबईला उतरणार असाल तर डबा केबिन बॅगेत ठेवा आणि घरी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका. आईने तो मोठ्या बॅगेत घातला होता, साताऱ्याला पोचेपर्यंत सगळ्या चॉकलेटांचा एक गोळा झाला होता. तो तिने सुरीने कापून शेजारीपाजारी वाटला.